परदेशातील संसदीय राजकारण समजून घेताना या चुका टाळा

६ मे २०२५ रोजी जर्मनीच्या बुंडेस्टागमध्ये, म्हणजे तेथील संसदेच्या लोकनिर्वाचित सभागृहात, फ्रेडरिक मर्झ यांच्या बाजूने ३१० आणि विरोधात ३०७ मते पडली, तरीही पहिल्या फेरीत ते चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, होऊ शकले नाहीत. त्याआधी २४ नोव्हेंबर २०२१ रोजी स्वीडनच्या संसदेत मॅग्डालेना अँडरसन यांच्या बाजूने ११७ आणि विरोधात १७४ मते पडली, आणि त्या पंतप्रधान म्हणून निवडून आल्या. दोन्ही देश संसदीय लोकशाहीचे आहेत आणि दोन्ही ठिकाणची मतमोजणी बिनचूक होती. आपल्याला हे निकाल उलटे वाटतात, कारण लोकसभेतल्या किंवा विधानसभेतल्या ठरावाची मोजपट्टी आपण नकळत तिथे लावतो. सरकार सभागृहाच्या विश्वासावर चालते हे तत्त्व सर्व संसदीय देशांत सारखे आहे. तो विश्वास कसा मोजायचा आणि तो आहे किंवा नाही हे कोणी सिद्ध करायचे, याचे नियम मात्र देशागणिक बदलतात. बहुतेक गैरसमजांचे मूळ या नियमांकडे दुर्लक्ष करण्यात आहे.

बहुमत कशाचे, हे न पाहणे

बुंडेस्टागची सदस्यसंख्या ६३० आहे आणि पहिल्या फेरीत चॅन्सेलर होण्यासाठी एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ३१६ मते लागतात. त्यामुळे जो सदस्य गैरहजर राहतो किंवा तटस्थ राहतो, त्याचा परिणाम विरोधी मताइतकाच होतो. मर्झ यांना सहा मते कमी पडली. त्याच दिवशी दुसऱ्या फेरीत ३२५ मते मिळाल्यावर त्यांची निवड झाली. स्वीडनमध्ये नियम नेमका उलट्या बाजूने लिहिलेला आहे. तेथील संसदेत ३४९ सदस्य आहेत आणि संसदेच्या अध्यक्षांनी सुचवलेल्या उमेदवाराला निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान १७५ सदस्यांनी विरोध केला तरच तो उमेदवार नाकारला जातो. अँडरसन यांच्या विरोधात १७४ मते होती आणि ५७ सदस्य तटस्थ राहिले. त्या ५७ जणांनी पाठिंबा दिला नाही, पण वाटही अडवली नाही, आणि स्वीडनच्या राज्यघटनेला तेवढे पुरते. डेन्मार्क आणि नॉर्वेमध्ये तर नव्या सरकारला सुरुवातीला असे मतदान घ्यावेच लागत नाही. सभागृह विरोधात उभे राहत नाही तोवर सरकारवर विश्वास आहे असे धरले जाते.

आपल्याकडची रीत या दोन्हींहून वेगळी आहे. येथे आधी शपथविधी होतो, मग बहुमत चाचणी होते, आणि त्या चाचणीत हजर राहून मतदान करणाऱ्यांची संख्या मोजली जाते. गैरहजर किंवा तटस्थ सदस्यांमुळे आवश्यक आकडा खाली येतो, म्हणूनच महत्त्वाच्या ठरावाच्या दिवशी सभात्यागाला इतके राजकीय मोल असते. शिवाय मतविभागणीची, म्हणजे प्रत्यक्ष मते मोजण्याची, मागणी मान्य झाली नाही तर आवाजी मतदानानेही ठराव मंजूर होऊ शकतो. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१४ मध्ये, निवडणुकीत २८८ पैकी १२२ जागा जिंकलेल्या पक्षाच्या सरकारने विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने जिंकला आणि विरोधकांनी मतविभागणीसाठी धरलेला आग्रह व्यर्थ गेला. माझ्या मते विश्वासदर्शक ठरावावर प्रत्येक सदस्याचे मत नोंदले गेलेच पाहिजे, कारण आपल्या आमदाराने कोणाला पाठिंबा दिला हे जाणण्याचा मतदाराचा हक्क लहान मानता येत नाही.

म्हणून परदेशातील मतदानाची बातमी वाचताना आधी सभागृहाची एकूण सदस्यसंख्या पाहावी, मग बहुमत एकूण सदस्यांचे हवे की मतदान करणाऱ्यांचे हे पाहावे, आणि तटस्थ मते कोणाच्या पथ्यावर पडतात हे तपासावे. एवढे कळले की वरवर विचित्र वाटणारे बरेचसे निकाल सरळ दिसू लागतात.

सर्वांत मोठ्या पक्षाला विजेता मानणे

ही चूक वृत्तवाहिन्यांच्या मथळ्यांमुळे पक्की होते. न्यूझीलंडमध्ये २०१७ साली नॅशनल पक्षाने १२० पैकी ५६ जागा मिळवल्या आणि लेबर पक्षाने ४६. तरी न्यूझीलंड फर्स्टच्या ९ आणि ग्रीन पक्षाच्या ८ सदस्यांच्या साथीने जॅसिंडा आर्डर्न पंतप्रधान झाल्या. त्याच वर्षी गोव्यात ४० पैकी १७ जागा मिळवून काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला होता, पण १३ जागांच्या भाजपने छोट्या पक्षांचा आणि अपक्षांचा पाठिंबा जमवून सत्तास्थापनेचा दावा केला आणि मनोहर पर्रीकर यांनी सभागृहात २२ विरुद्ध १६ मतांनी बहुमत सिद्ध केले. नेदरलँड्समध्ये २०२३ च्या निवडणुकीत खेर्ट विल्डर्स यांचा पक्ष १५० पैकी ३७ जागा घेऊन पहिला आला, आणि अनेक महिन्यांच्या वाटाघाटींनंतर पंतप्रधानपद मिळाले डिक स्कूफ या सनदी अधिकाऱ्याला, जे निवडणुकीत उमेदवारही नव्हते.

अशा वेळी ‘जनादेशाचा अवमान’ हा शब्दप्रयोग लगेच वापरला जातो. तो कधी योग्यही असू शकतो, विशेषतः निवडणुकीपूर्वी मतदारांना दिलेला शब्द नंतर मोडला गेला असेल तेव्हा. पण केवळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाने सरकार बनवले, एवढ्यावरून तो वापरणे चूक आहे. मतदार सभागृह निवडतात आणि सरकार त्या सभागृहातून उभे राहते. निकालाच्या रात्री कोण पहिला आला यापेक्षा कोण कोणासोबत बसायला तयार आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

सरकार पडणे म्हणजे सगळीकडे एकच गोष्ट, असे समजणे

१७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. विरोधक सरकार पाडण्यापुरते एकत्र आले, पर्यायी सरकार मात्र कोणालाच बनवता आले नाही. लोकसभा विसर्जित झाली, आणि त्यानंतरच्या महिन्यांतील कारगिलचे युद्ध काळजीवाहू सरकारच्या काळात लढले गेले. हिटलरपूर्व जर्मनीत, म्हणजे वायमार प्रजासत्ताकात, वारंवार आलेल्या अशाच नकारात्मक बहुमताचा अनुभव असल्यामुळे जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेत विधायक अविश्वास ठरावाची तरतूद केली गेली. तिच्यानुसार विरोधकांना चॅन्सेलरला हटवायचे असेल, तर त्याच मतदानात नव्या चॅन्सेलरची बहुमताने निवड करावी लागते. हा मार्ग आजवर एकदाच यशस्वी झाला, तो १ ऑक्टोबर १९८२ रोजी, हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले तेव्हा. स्पेननेही ही तरतूद स्वीकारली आहे, आणि २०१८ मध्ये पेद्रो सांचेझ हे ३५० सदस्यांच्या सभागृहात आपल्या पक्षाच्या शंभरही जागा नसताना याच मार्गाने पंतप्रधान झाले.

जर्मनीतल्याच दुसऱ्या एका ठरावाबाबत मात्र वाचकांची फसगत होते. १६ डिसेंबर २०२४ रोजी तत्कालीन चॅन्सेलर ओलाफ शोल्झ विश्वासदर्शक ठराव हरले. तो ठराव त्यांनी स्वतःच मांडला होता आणि तो हरणे त्यांना हवेही होते, कारण बुंडेस्टागला स्वतःला विसर्जित करण्याचा अधिकार नाही. मुदतपूर्व निवडणुकीचा रस्ता चॅन्सेलरने असा ठराव हरण्यातूनच मोकळा होत होता. ठराव कोणी मांडला हे पाहिले नाही, तर पराभव आणि डावपेच यांतला फरक कळत नाही. नॉर्वेत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तेथील संसद चार वर्षांची मुदत संपेपर्यंत विसर्जित करता येत नाही, त्यामुळे सरकार पडले तरी त्याच सभागृहातून दुसरे उभे करावे लागते.

पक्षादेशाचे वजन सगळीकडे सारखे मानणे

सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या २१ खासदारांनी ब्रेक्झिटच्या प्रश्नावर आपल्याच सरकारविरुद्ध मतदान केले. पक्षाने त्यांना संसदीय गटातून काढले, पण त्यांची खासदारकी शाबूत राहिली. भारतात १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या पक्षांतरबंदीच्या तरतुदींमुळे व्हिप झुगारणाऱ्याचे सदस्यत्वच जाऊ शकते. म्हणून तिकडचे बंड पाहून ‘आपले खासदार असे का करत नाहीत’ असे विचारताना ही किंमतही ध्यानात घ्यावी. आपल्या तरतुदीने घाऊक पक्षांतर थांबले नाही, एकट्यादुकट्या सदस्याचा विवेक मात्र अडचणीत आला, असे मला वाटते.

राष्ट्रप्रमुखाला सर्वत्र शोभेचे पद समजण्याची चूकही नेहमीची आहे. स्वीडनच्या राजाला सरकार बनवण्याच्या प्रक्रियेत काहीच स्थान नाही. पण इटलीचे राष्ट्राध्यक्ष सर्जो मात्तारेल्ला यांनी मे २०१८ मध्ये अर्थमंत्रिपदासाठी सुचवलेले नाव नाकारले, आणि ऑस्ट्रेलियात ब्रिटिश राणीचे प्रतिनिधी असलेले गव्हर्नर-जनरल जॉन केर यांनी ११ नोव्हेंबर १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांना चक्क बडतर्फ केले. त्या पेचाला सिनेटने खर्चाची विधेयके अडवल्याने सुरुवात झाली होती, म्हणून वरिष्ठ सभागृह दुबळेच असते हे गृहीतकही तिथे चालत नाही.

राजीनामा आणि ठरावावरचा पराभव यांना एकच मानणे

सरकार जायचेच असेल तर कसे गेले याने काय फरक पडतो, असे अनेकांना वाटते. महाराष्ट्रात २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे यांनी दुसऱ्या दिवशी होणाऱ्या बहुमत चाचणीला सामोरे जाण्याआधीच मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यपालांनी ती चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असा निर्णय दिला, पण ठाकरे यांनी चाचणीला तोंड न देता स्वतःहून राजीनामा दिला असल्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा आणता येणार नाही, असेही त्याच निकालात स्पष्ट केले.