पाऊस ओसरताना आपल्या आसपासचं वन्यजीवन कसं बघायचं: सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी

सप्टेंबर अर्धा झाला की ओळखीतले बरेच जण म्हणतात, आता जंगलात जाऊन काय उपयोग, गवत डोक्याएवढं झालंय, डिसेंबरमध्ये बघू. वाघाच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे. ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला मुख्य भाग, पावसाळ्यात बंद असतो आणि 1 ऑक्टोबरला उघडतो, पण तेव्हा पाणी सगळीकडे असतं, त्यामुळे जनावरांना ठराविक पाणवठ्यावर यायची गरजच नसते आणि जे येतं ते गवतात दिसत नाही. पण वाघ सोडून बाकी सगळ्यांसाठी हेच सहा-सात आठवडे सगळ्यात धावपळीचे. पावसाळी पाहुणे निघालेले असतात, हिवाळी पाहुणे उतरत असतात, आणि किडे-कोळी-फुलपाखरं वर्षातल्या सगळ्यात जास्त संख्येत असतात. आणि यासाठी सफारी वगैरे काही लागत नाही, घरापासून चालत जाता येईल असा एखादा नाला, तळं, पडीक रान, टेकडी, एवढं पुरतं.

सगळ्यात आधी एक जागा ठरवा आणि तीच धरून ठेवा. थोडं पाणी, थोडं गवत आणि चार झाडं असली की झालं. आठवड्यातून निदान दोनदा जायचं, एका वेळी तासभर, शक्यतो त्याच वाटेने. मी पहिली दोन वर्षं दर रविवारी नवीन ठिकाणी पळायचो, यादी मोठी झाली पण धोबी हा हिवाळी पाहुणा पक्षी नेमका कधी आला हे मला एकदाही सांगता आलं नाही, कारण मी त्या जागी आदल्या आठवड्यात नव्हतोच ना. एकच नाला धरल्यावर कळलं की इथे बघायचं असतं ते बदल, आणि बदल कळायला काल काय होतं ते माहीत असावं लागतं. म्हणून वही. तारीख, वेळ, हवा कशी होती, काय दिसलं, किती दिसले, काय करत होते. आणि जे रोज दिसायचं ते आज दिसलं नाही तर तेही लिहायचं, हे लिहायला सगळे विसरतात.

दुर्बीण असेल तर 8 बाय 42 ची पुरे, म्हणजे 8 पट मोठं दिसतं आणि पुढची काच 42 मिलिमीटरची, त्यामुळे ढगाळ उजेडातही चालते. जास्त पॉवरची घेतली तर हात हलतो तसं चित्र हलतं आणि डोकं दुखतं. घेताना दोन मीटरवरचं नीट दिसतंय का ते बघून घ्या, कारण या दिवसांत निम्मा वेळ फुलपाखरं आणि चतुर बघण्यात जाणार आहे. दुर्बीण नसेल तर थांबू नका, कोळी आणि चतुरांना तशीही ती लागत नाही.

आता पक्षी. येणाऱ्यांमध्ये माझ्या जागी पहिला नंबर जवळपास दरवर्षी करड्या धोब्याचा. वाहत्या पाण्याच्या कडेला, सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लक्ष ठेवा, पाठ राखाडी, शेपटीखाली पिवळा, लांब शेपूट सतत वरखाली. बहुतेक वेळा दिसायच्या आधी ऐकू येतो, उडताना दोन तुटक धारदार स्वर काढतो. त्याच सुमाराला झाडांत वटवट्ये आलेले असतात, हे दिसायला सगळे सारखेच मळकट हिरवे-तपकिरी, त्यामुळे सुरुवातीला डोळ्यांनी ओळखायच्या फंदात पडू नका, कान लावा. झुडपातून दगडावर दगड आपटल्यासारखा 'चक्... चक्' आला तर तो बहुतेक ब्लिथचा बोरू वटवट्या, आणि वरच्या फांद्यांतून 'चिवीस्' असं आलं तर हिरवट पर्ण वटवट्या. हे दोन आवाज पाठ झाले की कुठल्याही मोठ्या झाडाखाली उभं राहून सांगता येतं की पाहुणे आलेत. डबक्याच्या काठाला तुतवार, चालताना मागचा भाग झोके दिल्यासारखा हलवत असतो. भोरड्या तर ऑगस्टपासूनच यायला लागतात, संध्याकाळी थवे वळताना बघायचे असतील तर सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधी मोकळ्या जागी उभे राहा.

माळरान जवळ असेल तर सप्टेंबर अखेरपासून भोवत्ये. हा शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही सारखे धरून तरंगत जातो, आणि संध्याकाळी गवतातच जमिनीवर रात्र काढायला उतरतो, कधी कधी एकाच ठिकाणी बरेच. बघायचं असेल तर लांब बसायचं, उन्हं उतरायच्या आधीच जाऊन बसायचं आणि गवतात अजिबात शिरायचं नाही. एकदा उठवले की अंधारात दुसरी जागा शोधत फिरतात.

जाणाऱ्यांकडे मात्र कुणी बघत नाही. चातक जूनमध्ये आला की फोटोंचा पाऊस पडतो, पण तो आफ्रिकेकडे परत कधी गेला हे विचारलं तर सगळे गप्प. सप्टेंबरमध्ये सातभाईंचा गोंगाट ऐकू आला की थांबा आणि सगळ्यांकडे एकेक करून बघा, कारण चातक अंडी घालतो ती सातभाईंच्या घरट्यात, आणि या दिवसांत कधी कधी सातभाईंच्या घोळक्यात एक लांब शेपटीचं, छोटासा तुरा असलेलं, मळकट तपकिरी पिल्लू चोच उघडून भीक मागताना दिसतं आणि सातभाई बिचारे त्याला भरवत असतात. मला हे बघायला तीन हंगाम लागले, आणि दिसलं ते रोजच्या वाटेवरच्या बाभळीवर. नवरंगही याच सुमाराला दक्षिणेकडे निघतो, खाली पालापाचोळ्यात उड्या मारत असतो, सकाळी लवकर आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची स्पष्ट शीळ घालतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या दिवसांत पुस्तकातल्या चित्रासारखा पक्षी फार कमी दिसतो. निम्मी यंदाची पिल्लं असतात, बाकीचे पिसं बदलत असतात, सुगरणीच्या नराचा पिवळा रंग उतरायला लागलेला असतो. रंगावर विसंबून ओळखायला गेलात तर चुकणारच, त्यापेक्षा आकार, चोच, चाल, शेपूट हलवायची पद्धत, कुठे बसतो, हे बघा. नक्की कळलं नाही तर 'वटवट्या, कुठला ते माहीत नाही' असं लिहा. खोटं नाव लिहिण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

आता माझा सगळ्यात आवडता विषय, चतुर. बसल्यावर पंख पसरून ठेवतो तो चतुर, मिटून पाठीवर धरते ती टाचणी, म्हणजे चतुराचीच बारीक बहीण, एवढं आधी लक्षात ठेवा. सप्टेंबरच्या शेवटाला, पाऊस उघडीप देतो तेव्हा, मोकळ्या मैदानावर किंवा गच्चीवरसुद्धा पिवळसर सोनेरी चतुरांचे थवेच्या थवे न बसता घिरट्या घालताना दिसतात, तो ग्लोब स्किमर. लांबी जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटर. पावसाने साचलेल्या डबक्यांत याची अंडी पडतात आणि डबकं आटायच्या आत दीड-दोन महिन्यांत चतुर बाहेर पडतो. मग हे जातात कुठे? मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला होता की तिथे गोडं पाणी उघड्यावर जवळजवळ नाहीच, मग दर ऑक्टोबरला हे हजारो चतुर येतात कुठून. 2009 मध्ये त्यांनी मांडलं की हे भारतातून निघतात, उंचावरच्या ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यावर स्वार होऊन मालदीव, सेशेल्स करत पूर्व आफ्रिकेत पोचतात, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या पुढच्या मान्सूनबरोबर परत येतात. अमूर ससाणेही आपल्याकडून आफ्रिकेला समुद्र ओलांडूनच जातात, आणि वाटेत हे चतुर त्यांची शिदोरी असावेत असं मानतात. म्हणजे सोसायटीच्या मैदानावर जे घिरट्या घालतंय ते महासागर ओलांडायच्या तयारीत असू शकतं.

यांची नोंद करायची सोपी पद्धत म्हणजे दुपारी 11 ते 3 मध्ये एका जागी उभं राहायचं, समोरचा एक ठराविक पट्टा धरायचा, दोन झाडांमधला किंवा दोन खांबांमधला, आणि दहा मिनिटांत किती गेले आणि कुठल्या दिशेला हे मोजायचं. नुसते घिरट्या घालणारे वेगळे आणि एकाच दिशेला सरळ जाणारे वेगळे लिहायचे. वाऱ्याची दिशाही लिहा.

फुलपाखरांसाठी उन्ह तापल्यावर जायचं, 9 ते 12, पहाटे उठायची गरज नाही. खुळखुळ्याचं झुडूप शोधा, पिवळी फुलं आणि वाळल्यावर वाजणाऱ्या शेंगा. त्यावर ब्लू टायगर, प्लेन टायगर, कॉमन क्रो असे कधी डझनांनी लटकलेले असतात आणि ते फुलातला मध पीत नसतात, तर खोड-पानं खरवडून त्यातली अल्कलॉइड्स, म्हणजे झाडातली कडू रसायनं, घेत असतात. बहुतेक सगळे नरच, कारण त्या रसायनांपासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो, शिवाय अंगात कडूपणा येतो तो वेगळाच. गुंग असतात त्यामुळे हळू गेलं तर हातभर अंतरावरून बघता येतं. लिंबू, कढीपत्ता अशी झाडं असतील तर नीलवंतावर लक्ष ठेवा, 2015 पासून ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, मखमली काळ्यावर निळे पट्टे, उडताना लांबूनही चुकत नाही. ओल्या चिखलावर, नाल्याच्या कडेला घोळक्याने बसलेली फुलपाखरं क्षार शोषत असतात, तिथून चालत जाऊ नका, वळसा घाला.

सह्याद्रीच्या कोणत्याही झाडीच्या वाटेवर या दिवसांत वूड स्पायडर नावाचा मोठा कोळी पूर्ण वाढलेला असतो. मादीचं नुसतं अंगच चार-पाच सेंटिमीटर, पाय वेगळे, आणि जाळं मीटरभर रुंद, उन्हात सोन्यासारखं पिवळं दिसतं कारण रेशीमच पिवळं असतं. त्याच जाळ्यात वरच्या बाजूला नीट बघा, अर्ध्या सेंटिमीटरचा लालसर नर असतो. जाळी वाटेच्या बरोबर आडवी, तोंडाच्या उंचीला असतात. मी एकदा वर झाडात बघत चालताना सरळ एका मादीच्या जाळ्यात घुसलो, मला काही झालं नाही पण तिचं अख्खं जाळं गेलं आणि मला दिवसभर त्याची टोचणी लागली, तेव्हापासून पुढे एक काडी उभी धरून चालतो आणि जाळं लागलं की वाकून खालून जातो. सकाळी सूर्य समोर ठेवून चाललात तर जाळी चमकतात आणि आधीच दिसतात.

रात्रीचं करायचं असेल तर पांढरी चादर दोरीवर ताणून बांधा आणि समोर दिवा लावा, अल्ट्राव्हायोलेट ट्यूब असेल तर उत्तम, नसेल तर साधा पांढरा बल्बही चालतो. अमावास्येच्या आसपासची, दमट, वारा नसलेली रात्र निवडा. साडेसात ते साडेनऊ पुरे होतं. पतंगांची जी विविधता येते ती बघून माणूस गप्प होतो, आणि झाडी दाट असेल तर नशिबाने अॅटलास मॉथ, पंखांचा पसारा 25 सेंटिमीटरच्या आसपास, आणि त्याला खायला तोंडच नसतं, अळी असताना साठवलेल्यावर आठवडा-दीड आठवडा जगतो. म्हणूनच दिवा रात्रभर ठेवायचा नाही. त्यांचा एकेक तास मोलाचा असतो. बंद केल्यावर चादर हलकेच झटका, नाहीतर सकाळी पक्षी येऊन सगळे टिपतात.

काळजीचं थोडं बोलतो, कारण या हंगामात ते खरंच लागतं. घोणस पिल्लं जिवंत जन्माला घालते आणि पावसाळ्यानंतर ती छोटी पिल्लं गवतात, दगडांत असतात, विष त्यांनाही असतं. बूट, जाड लांब पँट, पाय कुठे ठेवतोय तिकडे नजर, दगडाखाली हात नाही. चावलं तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको, तो अवयव न हलवता सरळ हॉस्पिटल. दुसरं म्हणजे स्क्रब टायफस, हा ताप गवतातल्या माइट्स नावाच्या बारीक किड्यांच्या चावण्यातून होतो, पाऊस संपतानाच्या दिवसांत रुग्ण वाढतात. गवतात बसू नका, घरी आल्यावर कपडे लगेच धुवा आणि आंघोळ करा, आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला, अंगावर काळी खपली दिसली तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आपणहून सांगा. तिसरं वीज. परतीचा पाऊस दुपारी तीन-चारनंतर गडगडत येतो, पठारावर असाल तर ढग जमायला लागले की उतरायला लागा, शेवटचा फोटो राहू दे.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. प्रवासातला पक्षी आधीच दमलेला असतो, खायच्या वेळेत तो भांडायला येतो. सुगरणीचं रिकामं दिसणारं घरटं काढून आणू नका, त्यात उशिराची पिल्लं असू शकतात. जखमी प्राणी दिसला तर घरी न नेता वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा.

नोंदी वहीबरोबर ईबर्ड (पक्षी) आणि आयनॅचरलिस्ट (बाकी सगळं) या नोंदींच्या वेबसाइट्सवरही टाका. सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो, तेव्हा टाकलेल्या फुलपाखरांच्या नोंदी खरंच मोजल्या जातात. दुर्मिळ काही घरट्यासकट दिसलं तर जागा उघड करू नका.

आणि चातकासारख्यांसाठी एक सवय लावून घ्या. पहिल्यांदा दिसला ती तारीख त्याच दिवशी कळते, पण शेवटचा कधी दिसला हे तो गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी कळतं. म्हणून सप्टेंबरपासून दिसेल त्या प्रत्येक वेळी त्याची नोंद करत राहा, रोज तेच तेच लिहायचा कंटाळा आला तरी, आणि नोव्हेंबर लागला की मागे पानं उलटत जा, चातक जिथे शेवटचा सापडेल त्या तारखेखाली रेघ मारा.