कंबर धरायची नसेल तर या चुका टाळा

दसरा झाला की जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनच्या गाड्या रांगेला लागतात, आणि हमालीला आलेल्या नव्या पोरांपैकी एखाद्याची तरी कंबर धरतेच. वीस वर्षं मुकादमी करतोय. चुका त्याच, पोरं तेवढी बदलतात.

सगळ्यात वाईट चूक वजनाची नाही, वळण्याची आहे. कट्टा, म्हणजे मालाचं पोतं, उचलायचा, पाय जागेवर रोवलेले ठेवायचे आणि वरचं अंग गर्रकन फिरवून मागच्या थप्पीवर टाकायचा. मणक्यांमधल्या गाद्या सरळ दाब बऱ्यापैकी सोसतात. पण वाकलेल्या कंबरेला ओझ्यासकट पीळ पडला की दगा देतात.

हे मी कंबर घालवून शिकलो. दिवाळी तोंडावर, रात्रीचे नऊ, शेवटची गाडी, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. खाली एक निमा कट्टा राहिला होता, पंचवीसेक किलोचा. तरणेपणी क्विंटलाची पोती पाठीवर वाहिलेली, याला काय भ्यायचं? एका हाताने तोंड धरून उचलला आणि तसाच वळलो. निम्म्या कट्ट्यातला माल पाण्यासारखा एका अंगाला धावतो. तो धावला, मी सावरायला गेलो, आणि कंबरेत लख्खकन चमक मारली. पोरांनी हातगाडीवर घालून घरी नेलं. मुकादम हातगाडीवर! अजून हसतात. सव्वा महिना खाडा, तोही ऐन हंगामात.

तेव्हापासून जिकडं नाक तिकडं पायाचे अंगठे. ओझं घेऊन वळायचं तर पावलं टाकतच वळतो. निम्म्या कट्ट्याचं तोंड माल संपतो तिथंच आवळून बांधतो, मग हात लावतो. पोरं म्हणतात, "मामा, एवढ्यात दोन खेपा होतात की." होतात. माझ्या सव्वा महिन्यात किती झाल्या असत्या, तेही मोजा.

दुसरा माझा राग पैजेवर. दोन कट्टे एकदम उचलून दाखवतो म्हणे! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली, की एका पुरुषाने हाताने वाहायचं ओझं ५५ किलोच्या आत आणावं. आपला कट्टा ५० चा. म्हणजे एकच कट्टा त्या रेषेला टेकलेला, आणि हे दोन घेणार, तेही चहाच्या पैजेवर.

कट्टा अंगापासून लांब धरू नका. पोटाला चिकटवा, शर्ट मळला तर मळू द्या. जमिनीवरून एकट्याने उचलायचा हट्ट नको, दोघांनी मिळून पाठीवर द्यावा. झोपेतून उठल्या उठल्या थेट जड कामाला भिडू नका. रात्रभरात गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. कंबरपट्ट्याने कंबर लोखंडाची होत नाही, उलट पट्टा बांधला की पोरं जास्तच माजतात.

आणि उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याची लाथ खाणं बंद करा. आठवडाभर खाटेवर पडून राहणंही चूकच. साधी उसण असेल तर जमेल तसं हिंडतं-फिरतं राहावं. मात्र पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधे बधिर वाटलं किंवा लघवीवर ताबा राहिना, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा, गाडी अर्धी भरलेली असली तरी.