प्लास्टिकचा लवचिक रायफल स्टॉक घरी कडक करताय? आधी या चुका टाळा

स्वस्तातली बोल्ट रायफल घेतली, बॅरल (नळी) उत्तम आहे, सँडबॅगवर ठेवून १०० यार्डांवर गोळ्यांचा इंचभराचा ग्रुप (झुबका) पडतो, आणि त्याच रायफलला बायपॉड (पुढचा दोन पायांचा टेकू) लावून जरा पुढे रेललं की गोळ्या दोन इंच सरकतात. मग माणूस स्कोपला शिव्या घालतो, माउंट बदलतो, तीन कंपन्यांची काडतुसं आणून बघतो, आणि शेवटी कुणीतरी सांगतं की बाबा रे, तुझा स्टॉक, म्हणजे बॅरल ज्यात बसतं ती बॉडी, वाकतोय. सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन या बजेट रायफलींत पैसा बॅरलमध्ये जातो आणि स्टॉक मोल्डेड प्लास्टिकचा येतो. पुढचा भाग म्हणजे फोरएंड आतून पोकळ, मध्ये काही आडव्या-तिडव्या पट्ट्या, बास. बायपॉडवर भार आला किंवा स्लिंग (खांद्याचा पट्टा) ताणली की तो वाकून बॅरलला टेकतो आणि बॅरल मोकळं राहण्याचा सगळा फायदा गेला.

उपाय जुना आहे, पोकळीत कांड्या घालून इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) भरायची. इकडे पेनसिल्व्हेनियात हरणांचा रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि त्याच्या आधीच्या पंधरवड्यात आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी बिघडवलेला स्टॉक घेऊन माझ्या गराजमध्ये हजर असतो. उन्हाळाभर काय करत होतात विचारलं की हसतात. (एच-वन विझावाल्यांनी रायफलला हात लावायच्या आधी वैध हंटिंग लायसन्सची अट नीट वाचावी, तो वेगळा विषय आहे, इथे नको.)

गरज आहे का ते न बघताच ड्रिल हातात घेणं

रायफल रिकामी करा, बोल्ट (मागचा सरकता दांडा) काढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) बोट घालून खात्री करा. हे दरवेळी करायचं, "मला माहितीये रिकामी आहे" हे मला ऐकवू नका. मग बॅरल आणि स्टॉकच्या मधून डॉलरची नोट सरकवून बघतात ना सगळे, ती सरकली की खूष होतात, तसलं काही करू नका. नोटेची जाडी इंचाचे चार हजारांश, ती तर सरकणारच, आणि टेबलावर भार नसताना सरकून उपयोग काय. बायपॉड लावा, नेहमी जेवढं रेलता तेवढं पुढे रेला, आणि दुसऱ्या माणसाला व्हिजिटिंग कार्ड सरकवायला सांगा. तिथे अडकलं तर काम करायला घ्या. नाही अडकलं तर तुमचा प्रॉब्लेम स्टॉक नाहीये, ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग) स्टॉकला धरणारे ॲक्शन स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर (तेवढेच आवळलेले) आहेत का ते बघा. आणि जो माणूस फक्त झाडावरच्या स्टँडमधून ८० यार्डांवर हरीण मारणार आहे, बायपॉड कधी वापरणार नाही, त्याने हे सगळं कशाला करायचं मला खरंच कळत नाही. व्हिडिओ बघितला म्हणून करतात.

पाच मिनिटांची इपॉक्सी एकदम ओतणं

यावर मी सगळ्यात जास्त बोललोय आणि सगळ्यात कमी ऐकलं गेलंय.

इपॉक्सी "सुकत" नाही, तिच्यात रासायनिक क्रिया होते आणि त्या क्रियेत उष्णता निघते. पातळ थर असला तर ती उष्णता निघून जाते, जाड गोळा असला तर आत कोंडते, आत तापलं की क्रिया अजून वेगाने होते, अजून तापतं, असं ते चढत जातं. पाच मिनिटवाली मुळातच तापट. कपभर एकदम मिसळली तर आतलं तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर सहज जातं. आता तुमचा स्टॉक पॉलीप्रोपिलीनचा असेल तर तो १६० च्या आसपास वितळतो हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो, आणि मऊ पडलेल्या अवस्थेत तो ज्या आकारात असेल त्याच आकारात कायमचा बसतो.

ऑफिसातल्या मित्राचा धाकटा भाऊ, हॅरिसबर्गला असतो, पोरगा हुशार पण सगळं आजच्या आज पाहिजे. मी त्याला स्लो इपॉक्सी आण म्हणून सांगितलं होतं, नाव लिहून दिलं होतं. त्याने हार्डवेअरच्या दुकानात पाच मिनिटवाल्या सिरिंजा दिसल्या त्या सगळ्या उचलल्या, प्लास्टिकच्या ग्लासात एकत्र ढवळल्या आणि फोरएंड काठोकाठ भरला. रात्री दहाला व्हिडिओ कॉल. "दादा, यातून वाफ येतेय, नॉर्मल आहे ना?" मागे टेबलावर तो ग्लास दिसत होता, तळाला राहिलेल्या इपॉक्सीने त्याचं बूड आत ओढलं गेलं होतं. मी म्हटलं ती वाफ नाहीये, धूर आहे, खिडक्या उघड, स्टॉक अंगणात नेऊन ठेव आणि त्यावर वाकून बघत बसू नकोस. दुसऱ्या दिवशी घेऊन आला. बाहेरून टकाटक दिसत होता, पण स्टीलची पट्टी लावली तर टोक डावीकडे वळलेलं, पट्टीखाली क्वार्टरचं नाणं आरामात जात होतं, आणि डाव्या भिंतीला बाहेरून फुगवटा. बॅरल बसवलं की एका बाजूला घट्ट टेकलेलं, दुसऱ्या बाजूला बोटभर फट. म्हणजे स्टॉक कडक झाला होता हो, अगदी दगड झाला होता, फक्त वाकडा. त्याने विचारलं की आता चॅनल (बॅरल बसतं ती खोबण) घासून सरळ करता येईल का. घासलं असतं तर भिंत कागदासारखी पातळ झाली असती. नवीन स्टॉक मागवला त्याने, तोही सीझन संपल्यावर आला.

माझी सवय सांगतो. साधी जेबी वेल्ड, जिला घट्ट व्हायला चार ते सहा तास आणि पूर्ण पक्कं व्हायला १५ ते २४ तास लागतात तीच, किंवा मरीन इपॉक्सीत सिलिका फिलर. एका वेळी सेंटीमीटरभर थर, तो हाताला थंड लागल्याशिवाय पुढचा नाही. शुक्रवारी रात्री पहिला, शनिवारी सकाळी दुसरा, संध्याकाळी तिसरा. ज्याला एवढा धीर नाही त्याने सरळ पैसे टाकून चांगला आफ्टरमार्केट स्टॉक घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि हो, हार्डनर (घट्ट करणारा दुसरा भाग) जास्त टाकला की लवकर होते हा जो समज आहे ना, तो कृपा करून सोडा. प्रमाण चुकलं की ती कायमची चिवट, रबरासारखी राहते, मग खरवडून काढताना रडाल.

नुसती इपॉक्सी भरून समाधान मानणं

इपॉक्सी पॉलीप्रोपिलीनपेक्षा ढोबळमानाने दुप्पट ताठ असते. ॲल्युमिनियम इपॉक्सीच्या वीसपट. स्टील त्याच्याही तिप्पट. म्हणजे ताठपणा कांड्यांतून येतो, इपॉक्सीचं काम त्यांना धरून ठेवायचं. मी कार्बनच्या बाणाच्या दांड्या वापरतो, आर्चरीच्या दुकानात तुटक्या फुकट देतात, दोन्ही तोंडं क्लेने बंद करायची म्हणजे आत इपॉक्सी जाऊन वजन वाढत नाही. कापताना आणि घासताना मास्क घाला, ती धूळ फार वाईट, आणि तुसं बोटात गेली की चार दिवस आठवण राहते.

पण खरी चूक पुढेच आहे. सगळेजण फोरएंडचं टोक भरतात, कारण बायपॉड तिथे लागतो आणि वाकताना तेच हलताना दिसतं. अरे पण टोक हलतं म्हणजे टोक वाकतं असं नाही ना. भार टोकाला असला तरी वाक मुळाशी येतो, जिथे फोरएंड ॲक्शनच्या भागाला जोडलाय तिथे, मॅगझीनच्या (काडतुसांच्या खणाच्या) खाचेच्या लगेच पुढे. टोकाकडचे सहा इंच दगड केले आणि मुळाशी दोन इंच पोकळ ठेवले तर तो ताठ दांडा त्या दोन इंचांवर बिजागरासारखा हलतो. कांडी मागे रिकॉइल लगच्या (गोळीचा धक्का स्टॉकवर घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) आधीच्या शेवटच्या भिंतीला टेकलीच पाहिजे, आणि मॅगझीनच्या बाजूला छोटे पोकळ कप्पे असतात तेही भरा. दोन कांड्या असतील तर एक तळाला आणि एक शक्य तितकी वर ठेवा, मधोमध दोन्ही ठेवून निम्मा फायदा वाया जातो.

त्यासाठी आतल्या पट्ट्यांना भोकं पाडा, कांडी जाईल एवढीच. काही महाभाग ड्रेमेलने (छोट्या फिरत्या हत्याराने) सगळ्या पट्ट्या साफ उडवतात, जागा होते म्हणे. त्या पट्ट्याच तर दोन्ही भिंती धरून होत्या.

प्लास्टिक कोणतं ते न बघणं

पॉलीप्रोपिलीनला इपॉक्सी चिकटत नाही. दिसायला चिकटल्यासारखी दिसते, पण आमच्या रेंजवरच्या एका गृहस्थांनी गुळगुळीत पोकळीत भरली होती, थंडीत रायफल ट्रकमध्ये राहिली आणि पिळून बघितल्यावर अख्खी कांडी साच्यातून कुल्फी निघावी तशी अखंड बाहेर आली. चकचकीत, तळाला मोल्डचा नंबरसुद्धा उलटा उमटलेला.

तपासायची सोपी युक्ती म्हणजे आतून नखाएवढा कपचा काढा आणि भांड्याच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवा. साबण यासाठी की नाहीतर बारीक तुकडा पाण्याच्या पृष्ठभागावर उगाच टिकून राहतो. बुडवल्यावरही वर आला तर इपॉक्सी न चिकटणाऱ्या जातीचं प्लास्टिक हे धरून चाला. बुडाला तर नायलॉन असू शकतं, पण ग्लास फायबर घातलेलं पॉलीप्रोपिलीनही बुडतं, म्हणून मी निकाल काहीही लागो, एकच करतो. ६० नंबरचा पॉलिश पेपर मारून आतली चमक पूर्ण घालवतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसतो, आणि पट्ट्यांना व भिंतींच्या आतल्या बाजूला तिरकी छोटी भोकं पाडतो, आरपार नाही, म्हणजे इपॉक्सी त्यात शिरून अडकून बसते. चिकटण्यावर भरवसा ठेवायचा नाही, अडकण्यावर ठेवायचा. आपल्याकडे घराघरात जी अरल्डाईटची पेटी असते तिचंही हेच, तुटलेल्या बादलीला लावून ती का टिकली नाही याचं उत्तर इथेच आहे.

नको तिथे इपॉक्सी जाणं

रिकॉइल लगची खाच, ॲक्शन स्क्रूची भोकं, ट्रिगरची जागा, मॅगझीन, सगळीकडे क्ले दाबून बसवा. लहान मुलांची मातीच, महाग काही नको. पुढचा स्लिंगचा स्टड (पट्टा अडकवायचा स्क्रू) विसरतात हमखास. कित्येक स्टॉकमध्ये त्याचा नट आतल्या पोकळीतच असतो. स्टड काढा, आट्यांना बुटाचं न्यूट्रल पॉलिश चोपडून परत लावा आणि इपॉक्सी घट्ट झाली पण पूर्ण पक्की व्हायच्या आधी एकदा अर्धा आटा फिरवून मोकळा करून घ्या. नाहीतर तो स्टड जन्माचा तिथलाच.

मी भरताना ॲक्शन आणि बॅरल स्टॉकमध्ये ठेवत नाही. काहीजण बॅरलला टेप गुंडाळून आत ठेवतात, म्हणजे स्टॉक सरळ राहतो म्हणे. राहतो, पण रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू नये म्हणून चोपडायचा लेप) एका ठिकाणी जरी लावायचा राहिला तरी रायफल आणि स्टॉक एकच वस्तू होऊन बसते, आणि ते सोडवायला हातोडी घेणारे लोक मी बघितलेत.

बाकी किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या गोष्टी:

स्टॉक लेव्हल न ठेवता भरणं. बाजूला कललेला असेल तर इपॉक्सी रात्रभरात एका भिंतीकडे जमा होते, सकाळी कळतं.

नोव्हेंबरच्या थंड गराजमध्ये काम करणं. दहा अंश सेल्सियसच्या खाली बहुतेक इपॉक्सी नुसती बसून राहते. घरात आणा, बायको काय म्हणेल ते ऐकून घ्या.

हेअर ड्रायर. नको.

बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) पोकळ वाजतो म्हणून आणि फोरएंडलाही तेच चालेल म्हणून डब्यातला फोम मारणं. बटमध्ये आवाज कमी करायला थोडा ठीक आहे, फोरएंडला त्याने ताठपणा शून्य येतो, आणि तो फोम हवेतल्या दमटपणावर घट्ट होतो, त्यामुळे बंद खोल पोकळीत आतला भाग महिनोन्महिने चिकट राहतो.

आधी चॅनल घासून रुंद करणं. आधी कडक करा, आठवडाभर तसाच राहू द्या, मग बॅरल बसवून कुठे टेकतंय बघा, आणि तेवढंच घासा.

हातमोजे न घालणं. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की सुटत नाही. हत्यारांना लागलेली ओली इपॉक्सी पांढऱ्या व्हिनेगरने निघते, कातडीला लागली तर साबण-पाणी.

सगळं जोडल्यावर बायपॉड लावून, रेलून, व्हिजिटिंग कार्डाची तीच टेस्ट परत करा. स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा, मनगटाच्या अंदाजाने नको, प्लास्टिकच्या स्टॉकमध्ये तो अंदाज हमखास जास्त जातो. आणि रायफल पुन्हा झिरो करा (स्कोप गोळी पडते त्या जागेशी जुळवा), कारण पाव किलोच्या आसपास वजन पुढे वाढलेलं असतं आणि बॅरल आता खरोखर मोकळं असतं, पहिल्या गोळ्या जुन्या जागी पडतील ही अपेक्षा ठेवू नका. थंड बॅरलवर पहिली गोळी कुठे जाते ते वेगवेगळ्या दिवशी बघून कागदावर लिहून ठेवा, हरणावर तीच पहिली गोळी जाणार आहे.