जोडधंदा म्हणून होस्टिंग: पहिल्या पंचवीस गिऱ्हाइकांपर्यंत

होस्टिंग म्हणजे दुसऱ्याची वेबसाइट आपल्या ताब्यातल्या सर्व्हरवर ठेवून ती चालू ठेवणं. कोचिंग क्लास, कोकणातला होमस्टे, तालुक्याची पतसंस्था यांना साइट चालू हवी असते आणि बंद पडली की फोन उचलणारा माणूस हवा असतो. डिस्कची जागा मोठ्या कंपन्या तुमच्यापेक्षा नेहमीच स्वस्त देणार, तेव्हा दराच्या भानगडीत पडू नका. बिघडलेली साइट त्याच दिवशी पुन्हा उभी करून देणं, एवढंच तुमच्याकडे विकायला आहे आणि ते पुरेसं आहे.

सुरुवात रिसेलर प्लॅनने, म्हणजे मोठ्या कंपनीकडून जागा घाऊक घेऊन ती किरकोळीत विकण्याने करा, सर्व्हरची डोकेदुखी राहत नाही. मात्र अशा प्लॅनमध्ये साइट सांभाळायला मिळणाऱ्या सीपॅनेल या सॉफ्टवेअरचं लायसन्स 2019 पासून अकाउंटच्या संख्येवर आहे, त्यामुळे गिऱ्हाईक वाढलं की खर्चही वाढतो. दहाएक साइट झाल्या आणि लिनक्सवर हात बसला, की स्वतःचा व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा फक्त तुमच्यासाठी राखलेला भाग) घेऊन त्यावर हेस्टियासारखं फुकट पॅनेल टाका.

किती साइट मावतील हे डिस्क नव्हे, रॅम ठरवते. 4 जीबी रॅममधली दीड जीबी सिस्टिम, पॅनेल आणि मारियाडीबी या डेटाबेसला धरा. उरली अडीच. वर्डप्रेसवरच्या साइटचं पान तयार करून देणारी एक पीएचपी प्रोसेस साधारण 60 एमबी खाते, म्हणजे एका वेळी चाळीसेक प्रोसेस. या प्रोसेस सांभाळणारं पीएचपी-एफपीएम 'ऑनडिमांड'वर, म्हणजे गरज पडली तरच प्रोसेस सुरू करण्यावर ठेवून प्रत्येक साइटला कमाल चार प्रोसेस दिल्या, तर पंचवीस छोट्या साइट सुखाने नांदतात, कारण सगळ्यांकडे एकाच वेळी गर्दी होत नाही. ही मर्यादा विसरलात तर काय होतं? एखाद्या साइटच्या एक्सएमएल-आरपीसी फाइलवर (वर्डप्रेसला बाहेरून आज्ञा देण्याचं दार) बॉट तुटून पडतात, रॅम संपते, लिनक्स सगळ्यात जाडी प्रोसेस मारतो. ती बहुधा मारियाडीबीच असते. दोष एकाचा, आणि डेटाबेस जोडता येत नाही हा संदेश पंचवीस जणांच्या साइटवर. म्हणून मर्यादा पहिल्याच दिवशी घाला, आणि प्रत्येक साइटला वेगळा युजर द्या.

डिस्क अर्धी रिकामी असूनही 'जागा शिल्लक नाही' असं कधी दिसलं तर आयनोड, म्हणजे डिस्कवर फाइलींची नोंद ठेवणारे मर्यादित खण, तपासा. जुन्या सेशन आणि कॅशच्या लाखो बारीक फाइलींनी ते संपलेले असतात.

ईमेल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवू नका, हे आम्ही आग्रहाने सांगतो. अनेक कंपन्या मेल बाहेर पाठवायचं दार, म्हणजे पोर्ट 25, बंदच ठेवतात. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलला प्रत्येक प्रेषकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरोखर त्याच डोमेनची असल्याचे पुरावे) लागतं, शिवाय आयपीचा, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचा, पीटीआर रेकॉर्डही (त्या पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) नीट हवा. एका गिऱ्हाइकाने फुकटात मिळालेली क्रॅक केलेली थीम टाकली, तिच्यातून स्पॅम सुटला, की तुमचा आयपी स्पॅम पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेच्या यादीत जातो आणि बाकीच्यांचीही पत्रं अडकतात. मेलबॉक्स झोहो किंवा गूगलकडे द्या आणि संपर्क फॉर्मची मेल एसएमटीपी रिलेतून, म्हणजे मेल पोहोचवून देणाऱ्या बाहेरच्या सेवेतून पाठवा.

बॅकअपबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. हेस्टिया बॅकअप घेतो, पण काही सेटिंग बदललं नाही तर त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवतो. सर्व्हर गेला की बॅकअपही गेला. तो रोज दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर पाठवा आणि महिन्यातून एकदा कुठलीही एक साइट रिकाम्या सर्व्हरवर खरोखर उभी करून पाहा. तिचं पहिलं पान उघडलं म्हणून थांबू नका, मराठी मजकूर वाचा. डेटाबेसचा डम्प (पूर्ण नक्कल) घेताना अक्षरसंच चुकला असेल तर सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. अक्षरसंच यूटीएफ-8-एमबी-4 ठेवा.

साइट सुरक्षित (https) दाखवणारं लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं, पण गिऱ्हाइकाने परस्पर डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणारी नोंद) बदललं की ते अडतं. सर्व्हरबाहेरून तपासणारी एखादी सेवा लावून ठेवा.

हिशेब असा: सर्व्हर महिना हजार रुपये धरला तर वर्षाचे 12,000, बॅकअपचे 3,000. वर्षाला दोन हजारांप्रमाणे पंचवीस जणांचे 50,000. उरलेल्या 35,000 मध्ये तुमचे सगळे फोन आले, म्हणून साइटमधला मजकूर बदलण्याचे पैसे वेगळे घ्या आणि हे करारात लिहा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाच्या 20 लाखांच्या उलाढालीची आहे, मात्र सर्व्हर परदेशी कंपनीचा असेल तर रिव्हर्स चार्जबद्दल (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरणं) सीएला आधीच विचारा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग (सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी) 180 दिवस ठेवायचे आणि साइट हॅक झाल्यास तिला सहा तासांत कळवायचं.

डोमेन नेहमी गिऱ्हाइकाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घ्या. तुमच्या नावावर असलेलं डोमेन म्हणजे पुढे भांडण. रिन्यूअलचं बिल महिनाभर आधी पाठवा, आठवडा उरला की फोन करा. मुदत उलटून डॉट कॉम डोमेन रिडेम्प्शनमध्ये (रद्द झाल्यावर ते परत मिळवायच्या शेवटच्या मुदतीत) गेलं, तर ते सोडवायला नेहमीच्या दराच्या कित्येक पट पैसे पडतात.