नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नव्हे: या चुका टाळा

‘डोळे तपासलेत का?’ असं विचारलं की सांगली भागात बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: ‘होय की, गेल्याच वर्षी नंबर काढलाय.’ गोंधळ इथंच आहे. चष्म्याच्या दुकानातलं मशीन नंबर सांगतं. डोळ्यातला दाब, मागचा पडदा, नस यांचं त्याला काही कळत नाही. काचबिंदूत बहुधा वाढलेल्या दाबानं डोळ्याची नस खराब होते. त्याच्या नेहमीच्या प्रकारात समोरचं नीट दिसत असतं आणि कडेची नजर गुपचूप जात राहते. दुखत-खुपत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. चाळिशीचा चष्मा करायला जाल तेव्हाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दाब आणि पडदाही बघून घ्या. आई-वडील किंवा भावंडांत कुणाला काचबिंदू असेल तर तपासणी टाळूच नका.

आपल्या भागातली सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र शेतात होते. तोडीच्या हंगामात किंवा पाचट काढताना उसाचं पान डोळ्याला लागतं. त्याची कड करवतीसारखी असते, बुबुळावर बारीक चरा पडतो. त्या दिवशी थोडं चुरचुरतं, पाणी येतं, आणि माणूस कामाला लागतो. दोन-चार दिवसांनी डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही. मग मेडिकलमधून ‘लाल डोळ्याचे थेंब’ येतात. त्यात स्टेरॉईड असेल तर लाली उतरते, ठणका कमी होतो आणि बरं वाटतं. पण पानावरून बुबुळात शिरलेल्या बुरशीला तेच औषध मोकळं रान देतं. बुबुळावर पांढरा ठिपका दिसेपर्यंत जखम खोल गेलेली असते. आपण ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतो, ते पुष्कळदा असंच पडलेलं असतं.

जिवाणूंचं औषध बुरशीवर चालत नाही. म्हणून डॉक्टर जखमेवरचा नमुना खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि मग थेंब ठरवतात. हे थेंब कित्येक आठवडे घालावे लागतात. मध्येच सोडायचे नाहीत. पान, काडी, कुसळ असं काहीही लागलं आणि दुसऱ्या दिवशीही डोळा दुखत असेल तर थेट डॉक्टर गाठा. मध, दूध, एरंडेल यातलं काही घालू नका, पदराच्या टोकानं कणही उकरू नका. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव आहे. तरी ‘मिरजेला गेलं की दिवस मोडतो’ म्हणून थांबणारे आहेतच. मोडू द्या दिवस.

चुन्याचं प्रकरण याहून घाईचं. द्राक्षबागेत बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मिश्रण, करताना मोरचूद आणि चुना कालवतात, त्याचा शिंतोडा उडतो. घरात तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराच्या हातात फुटते आणि चुना डोळ्यात जातो. अशा वेळी ‘आधी दवाखाना’ ही चूक आहे. आधी पाणी! पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्यानं निदान अर्धा तास धुवा, पापणीखाली अडकलेला चुना निघाला पाहिजे. लिंबू किंवा व्हिनेगर लावून चुना मारायला जाऊ नका. धुऊन झालं की लगेच दवाखान्यात. फवारणीला आणि कालवायला गॉगल लावावा हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तो गॉगल खुंटीवर असतो.

मोतीबिंदू ‘पिकू दे’ हा सल्ला आता सोडायला हवा. फार पिकला तर शस्त्रक्रिया अवघड होते, दाबही वाढू शकतो. आणखी एक फसवी गोष्ट: सत्तरीचे आजोबा अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचू लागले की घरात कौतुक होतं. डोळ्यातलं मूळ भिंग घट्ट होत चालल्यानं जवळचा नंबर उतरतो. ती बहुधा मोतीबिंदूचीच चाहूल असते. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसलं तर ‘लेन्स खराब निघाली’ असं ठरवू नका. बहुतेक वेळा बसवलेल्या भिंगामागचा पातळ पापुद्रा गढूळ झालेला असतो आणि तो लेसरनं काही मिनिटांत मोकळा करता येतो.

साखर असलेल्यांनी दिसत असो वा नसो, वर्षातून एकदा पडद्याची तपासणी करायचीच. साखर वर-खाली असताना चष्मा करू नका, नंबरही तिच्याबरोबर हलतो.

लहान मुलाचा एक डोळा आळशी असला, म्हणजे त्याची नजर नीट तयार झालेली नसली, तरी दुसऱ्यावर भागतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. एकेक डोळा झाकून चित्र ओळखायला लावा. शंका आली तर शाळेत घालायच्या आधीच दाखवा. सात-आठ वर्षांनंतर तो डोळा कामाला लावणं कठीण जातं. ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ हा समज खोटा आहे.

तपासणीला जाताना जुना चष्मा, चालू गोळ्या-थेंबांची यादी आणि सोबत माणूस न्या. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की चार-सहा तास जवळचं धूसर आणि उन्हात चमक लागते, त्यामुळे परत येताना मोटारसायकल दुसऱ्यानं चालवायची.