एक्सेलमध्ये सुरुवातीचं शून्य कसं टिकवायचं

छत्रपती संभाजीनगरचा एसटीडी कोड ०२४०. एक्सेलमध्ये तो टाइप करून एंटर दाबलं की सेलमध्ये २४० उरतो. एक्सेल त्याला संख्या समजतं आणि संख्येच्या सुरुवातीचं शून्य गाळून टाकतं. पण एसटीडी कोडची किंवा बँकेच्या खाते क्रमांकाची बेरीज कुणी करत नाही, त्यामुळे तो मजकूर म्हणूनच ठेवायचा.

नवी यादी करताना आधी अख्खा कॉलम निवडा, होम टॅबमधल्या नंबरच्या यादीतून 'टेक्स्ट' घ्या आणि मगच टाइप करा. हा क्रम उलटा झाला तर गेलेलं शून्य परत येत नाही. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसला तरी 'कन्व्हर्ट टू नंबर' दाबू नका.

सर्वांत जास्त नुकसान सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक केल्यानं होतं. शून्यं उघडतानाच गळतात आणि सेव्ह केलं की मूळ फाइलमधूनही जातात. त्याऐवजी कोरी फाइल उघडून डेटा टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या. पुढे 'ट्रान्सफॉर्म डेटा'मध्ये त्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट करा, 'रिप्लेस करंट' निवडा, मग 'क्लोज अँड लोड'. गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना मजकुराचे आकडे करण्याच्या पर्यायावरची खूण काढा.

शून्यं आधीच गेली असतील तर नंबर किती अंकी असायला हवा ते पाहा. संभाजीनगरचा लँडलाइन नंबर म्हणजे कोडचे ४ आणि त्यानंतरचे ७ अंक. लातूरचा (०२३८२) ५ आणि ६. दोन्ही ११ अंकीच, म्हणून पूर्ण नंबरांच्या यादीला ११ शून्यांचा साचा चालतो. शेजारच्या 'जनरल' प्रकारच्या कॉलममध्ये =टेक्स्ट(ए२,"०००००००००००") लिहा (ए२ म्हणजे यादीतला पहिला नंबर असलेला सेल); फॉर्म्युल्यातली अक्षरं आणि शून्यं इंग्रजीत टाइप करायची. तो खाली ओढा, कॉपी करा आणि मूळ कॉलमवर पेस्ट स्पेशलमधून 'व्हॅल्यूज' चिकटवा. शेवटी तो कॉलम टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर पुढं कुणी सेल दुरुस्त करून एंटर दाबलं की शून्य पुन्हा जाईल.

नुसत्या कोडच्या कॉलमला मात्र असा साचा लावू नका. ५ शून्यं दिली तर लातूर बरोबर येईल, पण संभाजीनगर ००२४० होईल. तिथं =०&ए२ एवढंच पुरे.

१६ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून गेला असेल तर एक्सेल पहिले १५ अंकच राखतं, शेवटचा अंक शून्य होतो. तो कुठल्याच फॉर्म्युल्यानं परत येत नाही. मूळ फाइलच पुन्हा मागवा.