थायरॉईडचा रिपोर्ट कसा वाचायचा
रिपोर्ट आला की आधी टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. टीएसएच थायरॉईडमध्ये बनतच नाही, ते मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी सोडते आणि ते थायरॉईडच्या पेशींवरच्या रिसेप्टरला (हार्मोन ओळखणाऱ्या जागेला) जाऊन चिकटलं की मग थायरॉईड टी४ आणि थोडं टी३ ही आपली हार्मोन्स बनवते, म्हणून रक्तात हे दोन कमी पडले की पिट्युटरी जोर लावते नि टीएसएच वर जातं. आता शेजारी फ्री टी४, म्हणजे रक्तातलं मोकळं, प्रथिनांना न चिकटलेलं टी४ बघा. टीएसएच जास्त, टी४ कमी म्हणजे थायरॉईडच सुस्त. उलटं असेल तर बहुतेक वेळा ती जास्त काम करतेय. पण दोन्ही कमी असतील तर नीट लक्ष द्या, गडबड पिट्युटरीत असू शकते आणि नुसतं टीएसएच बघणाऱ्याच्या हे हातून निसटतं!

थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलला तर लगेच आठवड्यात टेस्ट करू नका हं, रक्तातलं टी४ अर्धं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे ६ ते ८ आठवडे थांबा. आणि केसांसाठी बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) घेत असाल तर टेस्टच्या निदान २ दिवस आधी बंद करा, आकडे चुकीचे येतात. डोस मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.